दोन्हीकडे असतं

"उभी राहा आणि परत म्हण," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या.

मी उभी राहिले. "इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू."

वर्ग हसला.

नुंगंबाक्कमच्या ऑफिसातलं ट्रेनिंग. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम. पास झालं तरच नोकरी पक्की, आणि पास करणं मॅडमच्या हातात. मॅडम पुण्याच्या. बाकी सगळी पोरं-पोरी तमिळ. मराठी आम्हा दोघींनाच कळायची. पहिल्या दिवशी वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं. कसलं आपलं.

माझी चूक साधी होती. माहीत असतं तर सांगितलं असतं. मराठीत 'असतं' दोन्हीकडे. म्हणून मी इंग्रजीतही दोन्हीकडे वुड लावायची. मॅडमना हे कळत नव्हतं असं नाही. त्याही याच भाषेत वाढलेल्या.

त्या जवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसत हसत, हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, "सवलतीवाल्यांचं हे असंच. तुमच्या वस्तीत इंग्रजी कुठून असणार."

वर्गाला वाटलं, मॅडम धीर देताहेत. शेजारची पोरगी मला म्हणाली, "शी इज सो स्वीट."

सांगू कुणाला? तमिळ येत नाही. इंग्रजी मोडकं. मराठी येते, तर ती कळणारी एकच बाई, आणि तीच मारणारी. तिरुवल्लिकेणीच्या खोलीवरून आईला फोन करायची, "बरं चाललंय" म्हणायची. माझ्याच भाषेत मला कोंडून घातलं होतं. रोज तेच. खांद्यावर हात, हसू, आणि कानात माझी वस्ती.

आज परत उभं केलं, परत हात खांद्यावर आला आणि मी तो बाजूला केला.

"सिट डाऊन," त्या म्हणाल्या.

मी बसले नाही. इतके दिवस मॅडम माझ्या कानात काय बोलत होत्या, ते वर्गाला इंग्रजीत सांगितलं. सवलत, वस्ती, सगळं. शब्द अडत होते. शेवटी मॅडमकडे वळले. "इफ यू वुड हॅव सेड इट इन इंग्लिश, दे वुड हॅव अंडरस्टूड."

दोन्हीकडे वुड. कुणी हसलं नाही. शेजारच्या पोरीने मान खाली घातली.

"ग्रामर इज स्टिल राँग," मॅडम म्हणाल्या.

उद्या निकाल आहे. नापासच करतील. करू देत. वुड कुठे लावायचं ते मी शिकेन, त्यात काय. पण कानात घातलेली शिवी यापुढे कानात राहणार नाही. जिथे घालतील तिथेच, चारचौघांत, मोठ्याने सांगेन. चुकीच्या इंग्रजीत सांगेन.