बंद न पडणाऱ्या मशिनी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नाशिक सोडून मी सिल्वासाला आलो, एका सूत कारखान्यात मेन्टेनन्सला. तिथे दोन शेड होत्या. एक माझ्याकडे, दुसरी माझ्याबरोबरच्या फिटरकडे. मशीन बंद पडली की ऑपरेटर स्लिप भरायचा आणि दुरुस्त करणारा तिच्यावर सही करायचा. आमच्या कामाची नोंद काय ती एवढीच.

माझ्या शेडमध्ये स्लिप क्वचितच निघे. रोज सकाळी लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन मी फिरायचो. टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आत जरा खरखरलं की आठवडी सुट्टीला येऊन बेअरिंग बदलून टाकायचो. त्या फिटरच्या शेडमध्ये मात्र ग्रीसच्या नावाने बोंब. रोज काहीतरी मोडायचं, मग पळापळ, आरडाओरडा, आणि काळे हात तसेच घेऊन ऑफिसातून एक चक्कर. शनिवारी मुंबईहून शेठ यायचे, तेव्हा हा पठ्ठ्या नेमका मशीनखाली आडवा.

सहा वर्षांनी इन्चार्जची जागा निघाली. सीनियर मीच होतो. मॅनेजर पुण्याचे, त्यांनी बोलावलं. टेबलावर स्लिपांचे दोन गठ्ठे.

"अहो, तुमच्या नावावर काम दिसतंय कुठे? वर्षभरात नऊ स्लिपा! त्याचा गठ्ठा बघा."

"साहेब, माझ्या मशिनी बंदच पडत नाहीत."

"तेच म्हणतोय मी. मग शेठना दाखवू काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलासवरलेला माणूस, आणि डोक्यात नुसता भुसा! पण तेव्हा 'बरं साहेब' म्हणून मी उठून आलो, याची चीड आजही येते. जागा त्या फिटरला मिळाली.

सिल्वासातल्याच टोकरखाडा भागात आमचं घर होतं. तिथे बायको उसळली. "आणि तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत? सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी पोरं तुमची वाट बघत बसली, ती कशासाठी?"

पुढच्याच बुधवारी तीन नंबरचं बेअरिंग खरखरताना ऐकू आलं. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायलो. गुरुवारी आवाज वाढला. मी तिकडे फिरकलोच नाही.

शनिवारी दुपारी ऑपरेटर गुजरातीत ओरडत आला, "साहेब, त्रण नंबर बंद!" बेअरिंगबरोबर शाफ्टही गेला होता. दोन बेअरिंगांच्या जिवावर वर्षानुवर्षं चालणारी मशीन. मी धावलो, हेल्परांवर खेकसलो, मशीनखाली शिरलो, मुद्दाम शर्ट माखून घेतला. तीन तासांनी मशीन सुरू झाली, तेव्हा शेठ शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बहुत अच्छा! इतने साल कहाँ थे भाई?"

मी हसलो, त्यांना चक्क थँक यू म्हणालो. नंतर नळावर हात धुताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. सहा वर्षांतली माझी ती पहिली शाबासकी होती, आणि ती मिळाली मी जाणूनबुजून मोडू दिलेल्या मशीनसाठी.