स्टाफरूममधला फोन

लातूरला मी बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. दोनशे पोरं, गळ्यात माइक. एचआयव्हीचा धडा आला की मी पेटतोच. "हा विषाणू आपल्या पेशीच्या जनुकांतच घुसून बसतो! गोळ्यांनी त्याची वाढ थांबते, पण लपलेला तसाच राहतो. आपलीच काही जनुकं त्याला निजवतात, आपलीच काही उठवतात. नेमकी कोणती, ते अजून शोधून राहिलेत. तोवर गोळी सोडली की तो उठलाच म्हणून समजा!" पोरं माना खाली घालून लिहून घेतात.

माझी थोरली बहीण, अक्का, भोकरला मायजवळ राहते. ट्रकवरचा नवरा हा आजार देऊन मेला. नांदेडच्या सरकारी दवाखान्यातून ती गोळ्या आणायची आणि ज्वारीच्या डब्यात लपवायची. कळलं असतं तर शेजारणींनी आमच्या घरचं पाणी सोडलं असतं. जळो ते शेजारपण!

एकदा रिपोर्ट आला, रक्तात विषाणू सापडला नाही. मायनं गल्लीत पेढे वाटले, कशाचे ते न सांगता. "गेला रोग. आता कशाला पोटात औषधं ढकलायची?" हीच माय लातूरच्या भूकंपानंतर दोन वर्षं अंगणात पत्र्याखाली झोपली होती. जमीन हलायची थांबली तरी घरात यायला तयार न्हाई. "जमिनीचा काय भरवसा?" म्हणायची. मग इथंच अक्कल कुठं चरायला गेली होती?

पण मायला कोणत्या तोंडानं बोलू? अक्कानं मला फोन केला होता. "भाऊ, तू शिकवतोस नं हे. गोळ्या बंद करू का?"

मी स्टाफरूममध्ये होतो. चार मास्तर चहा पिऊन राहिले होते. 'बंद करू नको', एवढंच म्हणायचं होतं. पण कशाच्या गोळ्या, असं कोणी विचारलं असतं तर? "हाव हाव, चांगलं झालं. नंतर बोलू," म्हणालो आणि फोन ठेवला. वर्गात जाऊन माइकवर तोच धडा घसा फाडून शिकवला. पुढं टेस्ट सिरीज लागली. नंतर बोलायचं राहूनच गेलं.

काही महिन्यांनी नांदेडच्या वॉर्डात अक्का ओळखू येईना. गोळ्या सोडल्या होत्या, त्यात टीबी झाला होता. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "घरात कोणी शिकलेलं नाही का?"

मायनं माझ्याकडे बोट केलं. "हाय की. मास्तर हाय."

अक्का वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. घरी न्यायच्या दिवशी मी रडायला लागलो तर ती खवळली. "रडू नको! दोनशे पोरांना ओरडून सांगतोस म्हणं. मी दोनशे एकावी झाले असते तर तुझं काय गेलं असतं? आता माझ्याशी बोलायचं तर मोठ्यानं बोल. कोणी विचारलं तर सांग."

आता रोज संध्याकाळी स्टाफरूममधूनच फोन लावतो. "अक्का, गोळी घेतली का?" एका मास्तरानं विचारलं, कशाची गोळी? सांगितलं. त्या दिवसापासून तो माझ्या शेजारी बसून चहा पीत नाही.

तोही बायोलॉजीच शिकवतो.