पपळा मास्तरांचा आवाज

कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतातच, पण या मास्तरांना अख्खी गल्ली 'पपळा मास्तर' म्हणायची. नावामागे एक सिनेमा होता.

तरुणपणी मास्तर एका स्टुडिओत नटांचे कपडे शिवत. तिथे चोरांवरचा एक विनोदी सिनेमा निघाला. त्यात पहाऱ्यावरचा चोर तोतरा हवा होता. पोलीस दिसताच त्याने 'पळा' म्हणायचं, आणि तो शब्द तोंडातून सुटेपर्यंत टोळी गजाआड! दिग्दर्शकाने माप घेणाऱ्या मास्तरांचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "अरे, हा तर घरचाच माणूस सापडला!"

मास्तर हरखून गेले. पडद्यावरची माणसं तोवर सगळी गोरीगोमटी आणि घडाघडा बोलणारी. आपल्यासारखा कुणी तिथे दिसेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पण मास्तरांची जीभ कधी प-प-प करतच नसे. ती सरळ संपावर जायची. ओठ घट्ट मिटायचे, मानेची शीर ताठायची आणि आवाजच फुटायचा नाही. दिग्दर्शक वैतागला. "अहो, तोतरी माणसं अशी बोलत नाहीत!" असं त्याने चक्क मास्तरांनाच सुनावलं. शेवटी चेहरा मास्तरांचा ठेवला आणि आवाज एका खणखणीत बोलणाऱ्या नटाचा भरला: "प-प-प-पळा!"

सिनेमा तुफान चालला. मग जो तो दुकानात "प-प-पळा" म्हणतच शिरू लागला. मास्तरही हसायचे, गिऱ्हाईक तोडायचं कसं? तो आवाज आपला नाही, हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नाही. एवढं सगळं बोलायला घसा कुणाचा आणायचा?

पुढे नात झाली आणि तीही अडखळू लागली. वर्गातली मुलं खिदळली, तेव्हापासून पोरीने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. घरीसुद्धा ती मोकळेपणाने बोलायची ती फक्त आजोबांशी. दोघांनाही बोलायची घाई नसायची.

अशात एका सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागला. सून बंद करायला धावली, पण रिमोट नातीच्या मुठीत होता. "मला आजोबांना बघायचंय," ती म्हणाली.

मास्तर धास्तावले. आपल्या दुखण्याचा आजोबांनीच तमाशा मांडला, असं तिला वाटलं तर? उरलेसुरले शब्दही ती गिळून टाकेल. उठून जावं असं त्यांना फार वाटलं, पण ते जागचे हलले नाहीत.

पडद्यावर पोलीस आले. तरुण मास्तरांचे ओठ मिटले आणि आवाज आला, "प-प-प-पळा!" मुलगा सवयीने हसला. बायकोने डोळे वटारताच गप्प झाला.

नात मागे वळली. बोलायला गेली आणि तिचे ओठ तसेच घट्ट मिटले. कुणीही तिचा शब्द पुरा करायला गेलं नाही.

"पण आजोबा," अखेर ती म्हणाली, "तुमचं तोंड तर बंद आहे. हा आवाज तुमचा नाहीच!"

मास्तरांनी मान डोलावली.

"मग कोण आहे हा?" पोरगी खदखदून हसली. "याला तर नीट अडखळताही येत नाही!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या प्रसंगाला आयुष्यात पहिल्यांदाच ते मनापासून हसले.