मूठ वर करायला लागलेला वेळ

पत्रकात ‘परंतु’ लिहायचं नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षी शिकवण्यात आलं. छोटासा कागद, एका बाजूला मथळा, दुसऱ्या बाजूला चार वाक्यं. वाचणारा बसस्टॉपवर उभा, बस आली की कागद खिशात नाहीतर रस्त्यावर. तेव्हा दोष कोणाचा ते पहिल्या वाक्यात सांगा, दुसऱ्यात पुरावा द्या आणि आपल्या शंका घरी ठेवून या. मी यात पटाईत होते. ब्रिस्टलला शिकत असताना दर शनिवारी भर बाजारात उभी राहून मी पत्रकं वाटायचे, आणि त्यातली बरीचशी मीच लिहिलेली असायची. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधल्या ड्यूटीवरून बाबा फोन करायचे, “आंदोलन कर, पण परीक्षा बुडवू नकोस.” परीक्षा मी बुडवली नाही. फक्त बी.ए.चं डिझर्टेशनसुद्धा पत्रकासारखं लिहून टाकलं.

विषय असा: ज्याच्या घरात ना तेल, ना पुरेसं लोखंड, ना रबर, अशा जपानच्या बेटांवरच्या साम्राज्याने आपल्याहून कितीतरी बलाढ्य अमेरिकेशी युद्ध का पुकारलं? माझं उत्तर पहिल्याच पानावर तयार होतं. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतून यायचं. १९४१च्या उन्हाळ्यात अमेरिकेने ते तोडलं. कोणाचा गळा आवळलात तर तो हात उगारणारच. दोष अमेरिकेचा. विषय संपला.

२००३चा मार्च होता. इराकवरचं युद्ध कधीही सुरू होणार होतं, आमचं ब्रिटिश सरकार अमेरिकेच्या मागे शेपटासारखं चाललं होतं, आणि मला अमेरिकेचा दोष जिथे तिथे सापडत होता. जपानी फौजा चीनमध्ये वर्षानुवर्षं कत्तली करत होत्या, तो भाग मी एका परिच्छेदात उरकला होता. आता लाज वाटते. पण तेव्हा मी तसंच लिहिलं होतं.

माझ्या गाइड बाईंनी मसुदा परत दिला तेव्हा त्या अगदी शांत होत्या. “पत्रक उत्तम आहे,” म्हणाल्या. “तेल संपत होतं हे खरंच. पण मग दोन रस्ते होते ना? चीनमधून सैन्य काढून घ्या आणि अमेरिकेशी बोला, नाहीतर लढा. लढा हे कोणी ठरवलं? ‘हो’ कोण म्हणालं, तेवढं मला शोधून आण.” आणि त्या वर्षी टोकियोत झालेल्या सरकारी बैठकांच्या टिपणांचा एक जाडजूड अनुवाद त्यांनी माझ्या हातात ठेवला. मी तणतणत घरी आले.

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक किचन. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण पुण्याची, एअरोस्पेसचं मास्टर्स करायला आलेली. मी साउथहॅम्प्टनमध्ये जन्मलेली, ब्रिटिश पासपोर्टवाली. ती स्टुडंट व्हिसावर. तिला आमच्या युद्धविरोधी ग्रुपमध्ये मीच ओढलं होतं. “पहिल्या मीटिंगला मी फक्त बिस्किटांसाठी आले,” असं ती सगळ्यांना सांगायची. तिसऱ्या मीटिंगपासून मात्र ती माझ्याआधी जाऊन खुर्च्या लावायची.

ग्रुपचा बेत असा होता. ब्रिस्टलपासून तासाभरावर एक विमानतळ आहे, लष्करी. तिथून अमेरिकन बॉम्बर उडणार होते. त्यांचं इंधन टँकरने रस्त्यावरून यायचं. आम्ही सहा जणांनी गेटच्या अलीकडे रस्त्यावर बसायचं, शेजारच्याचा हात लोखंडी नळीत घालून आतून अडकवायचा. म्हणजे पोलिसांना आम्हाला पटकन उचलता येणार नाही. अर्थात आम्हालाही पटकन उठता येणार नाही.

“अगं,” मैत्रीण म्हणाली होती, “तेल तोडलं म्हणून अमेरिकेला शिव्या घालणारी तू, आणि आता आपणच तेल तोडायला निघालोय?”

“ते वेगळं आहे.”

“काय वेगळं?”

“आपण बरोबर आहोत.”

“हे बरं आहे तुझं,” म्हणाली आणि हसत सुटली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही सहाही जण व्हॅनमधून जागा बघायला गेलो. रस्ता उतारावरून येतो, दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी, मग एक वळण, आणि वळण संपतं न संपतं तोच गेट. आम्ही बसणार होतो ती जागा वळणाच्या लगेच पुढे. ड्रायव्हरला आम्ही दिसणार ते वळून झाल्यावर. हे मला दिसलं. पण बाकीचे माझ्याहून अनुभवी, त्यांनी विचार केलाच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कोणीतरी म्हणालं, “गेट किती जवळ आहे, बेस्ट!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मैत्रीण एकटीच रस्त्याच्या कडेने मोठमोठी पावलं टाकत होती.

“काय मोजतेस?”

“काही नाही. पाय मोकळे करतेय.”

मग आम्ही चिप्स खाऊन परत आलो.

आमच्या ग्रुपची निर्णय घ्यायची पद्धत सांगायला हवी. आम्हाला तिचा फार अभिमान होता. नेता नाही, मतदान नाही, बहुमताची दादागिरी नाही. सगळं एकमताने. पटलं असेल तर दोन्ही हात वर करून बोटं नाचवायची. अजिबात मान्य नसेल तर मूठ वर करायची. एकच मूठ वर गेली तरी बेत तिथल्या तिथे थांबतो. दोन वर्षांत मी एकही मूठ पाहिली नव्हती. मूठ वर करणं म्हणजे मुहूर्तावर लग्न मोडण्यासारखं होऊन बसलं होतं. अधिकार प्रत्येकाला होता, पण तो वापरणाऱ्याकडे सगळे कसे बघतील, याचीच भीती.

आणि मी ते जाडजूड पुस्तक वाचत होते. ‘हो’ म्हणणारा माणूस शोधत होते. तो सापडेना. नौदलाला माहीत होतं की साठवलेलं तेल साधारण दोन वर्षं पुरेल, आणि त्यापुढचं कोणालाच सांगता येत नव्हतं. पण इतकी वर्षं नौदलाने पैसा आणि पोलाद मागून घेतलं होतं ते अमेरिकेशी लढायची तयारी म्हणून. आता ‘जमणार नाही’ म्हणायचं कसं? मग त्यांनी निर्णय पंतप्रधानांवर सोडला. पंतप्रधान वाट बघत होते की नौदलाने नाही म्हणावं, म्हणजे आपली सुटका होईल. लष्कराला चीन सोडायचा नव्हता, तिथे इतके सैनिक मेले होते, त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं? तरुण अधिकाऱ्यांचा एक गट सरकारनेच आकडेमोड करायला बसवला होता. त्यांचं उत्तर आलं, आपण हरणार. ती कागदावरची कसरत म्हणून बाजूला ठेवली गेली. पंतप्रधान राजीनामा देऊन मोकळे झाले, त्यांच्या जागी लष्करमंत्री आले. आणि शेवटचा निर्णय झाला तोही सगळ्यांच्या संमतीने.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुस्तक किचनच्या टेबलावर आपटलं. “मूर्ख! नालायक! सगळ्यांना माहीत होतं, आणि एकाही माणसाने तोंड उघडलं नाही!”

मैत्रीण आमटीला फोडणी देत होती. “अवघड असतं गं.”

“काय अवघड? नाही म्हणायचं, झालं!”

“तू म्हणाली असतीस?”

“म्हणजे काय!”

तिने गॅस बारीक केला. माझ्याकडे वळून म्हणाली, “मग त्या वळणाबद्दल उद्या कोण बोलणार आहे?”

शनिवारी दुपारी शेवटची मीटिंग होती. सोमवारी सकाळी रस्त्यावर बसायचं होतं. ती आत गेली आणि लॅबच्या एका हँडआउटच्या पाठीवर केलेलं गणित घेऊन आली. भरलेला टँकर, ओला रस्ता, उतार, वळण ते आमची बसायची जागा हे अंतर, तिने पावलांनी मोजलेलं. गाडीचा वेग तिने कमीत कमी धरला होता. तरीही टँकर आमच्या अलीकडे थांबत नव्हता.

“हे कधी केलंस?”

“त्याच रविवारी. घरी आल्या आल्या.”

“आणि इतके दिवस गप्प बसलीस?”

“तुमचा ग्रुप आहे. मी नवीन. मला वाटलं, तुम्ही लोक नेहमी करता हे, तुम्हाला माहीत असेल.”

“मला वाटलं, बाकीच्यांना माहीत असेल.”

 मग मी विचारलं, “आणि अटक झाली असती तर? तुझा व्हिसा?”

“गेला तर गेला. ते मी ठरवलं होतं.” तिचा आवाज पहिल्यांदाच चिडलेला होता. “टँकरखाली जायचं मी ठरवलं नव्हतं. आईला काय सांगणार होतीस तू माझ्या?”

एवढं बोलून ती आमटी ढवळायला गेली. मला जेवण गेलं नाही. माझी पत्रकं वाचून ती आली होती. चार वाक्यं, शंका घरी ठेवलेल्या. आणि नळीत तिचा हात माझ्याच शेजारी अडकवलेला असणार होता.

दुसऱ्या दिवशी कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत सगळे जमले. मीटिंग चालवायला आमचे व्हॅनवाले काका होते, म्हणजे मी मनात त्यांना काका म्हणायचे. साठीचे, रिटायर्ड बस ड्रायव्हर. ब्रिस्टलच्या पद्धतीने ते येईल त्या माणसाला ‘माय लव्हर’ म्हणायचे. मैत्रिणीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिचा चहा सांडला होता. कोणी काय आणायचं, वकिलाचा नंबर हातावर कसा लिहायचा, सगळं झालं. मग त्यांनी विचारलं, “तर मग सोमवारी. सगळ्यांचं एकमत?”

हात वर गेले. बोटं नाचायला लागली. आणि खरं सांगायचं तर माझीही बोटं नाचत होती. सवय! घरून काय ठरवून आले होते, आणि हात आपोआप वर गेले. बाजूला मैत्रीण मांडीवरच्या कागदाकडे बघत बसली होती. मी एक हात खाली घेतला. दुसऱ्याची बोटं मिटली. मूठ वर ठेवायला हाताला एवढा जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या मुलीने विचारलं, आळस देतेयस का?

“मूठ आहे ती,” मी म्हणाले. “त्या वळणावर टँकर थांबणार नाही. आपण मरू.”

 मी घाबरून बोलत सुटले. जपान, नौदल, पंतप्रधान, चीन. लोकांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. शेवटी मैत्रीण मराठीतच ओरडली, “अगं, जपान राहू दे, कागद दाखव!”

कागद फिरला. काकांनी तो हातात घेऊन बघितला, पण मला कळत होतं की ते वाचत नाहीयेत. मग चष्मा काढला. “आयुष्यभर बस चालवली मी,” म्हणाले. “जागा बघायला गेलो तेव्हाच दिसलं होतं मला.”

“मग बोलला का नाहीत?” मी जवळजवळ किंचाळले.

“तुम्ही तरुण पोरं इतक्या तयारीत. म्हटलं, म्हातारा घाबरला म्हणाल.”

मग एकेक जण बोलायला लागला. आळस म्हणणारी मुलगी म्हणाली, तिला आठवडाभर झोप नव्हती. एकाने गर्लफ्रेंडला पत्र लिहून ठेवलं होतं. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले, वेड्यासारखे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सहाच्या सहा जणांना दिसलेलं वळण! काका म्हणाले, “पुढच्या वेळी मूठ लवकर वर कर, माय लव्हर.” मी म्हटलं, “तुम्ही करा की!”

डिझर्टेशन मी पुन्हा लिहिलं. चीन पहिल्या प्रकरणात आला. तेल होतंच, ते नसतं तर घाई झाली नसती. पण घाईत ‘नाही’ म्हणता आलं नाही, हे त्या माणसांचं स्वतःचं पाप होतं, ते अमेरिकेच्या नावावर ढकलता येणार नाही, असं मी लिहिलं. आणि अमेरिकेवरचा माझा राग काही त्यामुळे कमी झाला नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मावतात, हे मला तेव्हा कळलं.

सोमवारी आम्ही गेलो. वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या कडेला, गवतात फलक धरून उभे राहिलो. रस्ता ओला, धुकं. पहिला टँकर आला तो आधी ऐकू आला, मग दिसला. आमच्यासमोरून गेला, वळला, आणि ब्रेक लागल्याचा मोठा फुस्स आवाज आला. तो थांबला ते थेट गेटपाशी. मी बसायची जागा बघितली. मग मैत्रिणीची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही. दुसऱ्या टँकरच्या ड्रायव्हरने आम्हाला दोन बोटं दाखवली. तिने त्याला आनंदाने हात हलवला.

“तो शिवी देत होता,” मी म्हटलं.

“देऊ दे. ब्रेक चांगले आहेत त्याचे.”

आठवडाभरात युद्ध सुरू झालंच. आमच्या फलकांनी काही थांबलं नाही, आणि ते दुःख खोटं नव्हतं. पण त्या सकाळी परत येताना व्हॅनमध्ये मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं. तिचे बूट भिजले होते, ते तिने हीटरपुढे ठेवले होते आणि सगळी व्हॅन मोज्यांच्या वासाने भरली होती. तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

“काही नाही गं आई,” ती सांगत होती. “मैत्रिणीबरोबर जरा बाहेर आलेय. हो, थंडी आहे. हो, घातलाय स्वेटर. नाही, अजून नाही खाल्लं. आता खाणार आहोत, तिच्याकडून वसूल करणार आहे मी आज.”

काकांनी विचारलं, कुठे थांबवू? आम्ही दोघींनी एकदमच सांगितलं, खायचं दुकान जिथे पहिलं दिसेल तिथे.