हान साहेबांच्या आईची कॅसेट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ओमानमध्ये सीबच्या खोलीत सहा वर्षं बरोबर राहिलेल्या माणसांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मला नीट सांगता येणार नाही.

सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, आमच्या अर्बाबचं, मालकाचं, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत माझं टेबल. २०१४ साली लोक घरातल्या जुन्या कॅसेटी आणायचे आणि मी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायचो. कुणाचं लग्न, कुणाच्या मुलाचे बोबडे बोल. हात चांगला होता माझा. लोक विश्वासाने टाकून जायचे.

हान साहेब तसेच आले. साठीचे कोरियन इंजिनियर, इथे कुठल्याशा प्रकल्पावर होते. हातरुमालात गुंडाळलेल्या दोन कॅसेटी, दोन्हींत त्यांची वारलेली आई गात होती. माझ्याकडे काम साठलेलं, म्हणून दोन्ही ठेवून घेतल्या. मग दर शनिवारी सकाळी ते चौकशीला यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझंही तोडकं. त्यामुळे जमलं बहुतेक.

त्यांच्या गावात बायका भातशेतीत तण बेणताना गायच्या. एक सुरुवात करायची, बाकीच्या ओढायच्या. गाणं किती लांब? तर शेत संपेपर्यंत. गावागणिक शब्द निराळे. पुढे जपान्यांच्या राज्यात ग्रामोफोन आला. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं मावायची, म्हणून गाणंही तीन मिनिटांचं झालं. मागे व्हायोलिन आलं, शहरातल्या शिकलेल्या गायिका आल्या. नंतर तर लोकगीतासारखी वाटणारी नवी गाणी शहरात पियानोशी बसून रचायला लागले — आणि गंमत म्हणजे ती गावात पोचल्यावर बायका शेतात तीच गायला लागल्या.

"माझ्या आईला दोन्ही यायची," ते म्हणाले. "एका कॅसेटमध्ये तिच्या आईकडून शिकलेलं गाणं आहे. दुसरीत तेच गाणं, रेकॉर्डवर ऐकलेलं. दुसरं कुठेही मिळेल. पहिलं नाही मिळणार."

मग त्यांनी विचारलं, "तुमची आई गाते का, मिस्टर दळवी?"

गाते म्हटलं. भातलावणीच्या वेळी, शेतात.

"मग या सुट्टीत रेकॉर्ड करा. नंतर नको."

असं मला आजवर कुणी सांगितलं होतं? आईचं गाणं म्हणजे चुलीच्या धुरासारखं — असतंच ते. जपून ठेवायची वस्तू आहे, हे मला एका परक्या माणसाने शिकवलं. त्याचे उपकार मी रोज मानतो. खरंच मानतो. आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातंय.

एका दुपारी मी त्यांची पहिली कॅसेट काढली. मूळ टेपला धोका नको म्हणून आधी दुसऱ्या कॅसेटवर नक्कल करायची, ही माझी पद्धत. दोन कप्प्यांचा डेक. एका कप्प्यात मूळ, दुसऱ्यात कोरी. मी उलट घातल्या. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली मोडलेली नसेल तर तिच्यावर रेकॉर्ड होऊ शकतं — हे मी गिऱ्हाइकांना समजावून सांगणारा माणूस. पाहिलं नाही. बटण दाबलं आणि शेजारच्या शिंप्याकडे चहाला गेलो. गप्पा रंगल्या.

परत आलो तेव्हा कोऱ्या कॅसेटची शांतता त्यांच्या आईवर उतरून झाली होती.

शनिवारी ते आले. मी म्हणालो, "टेप कोरी निघाली. गाडीत होती का उन्हात?"

त्यांनी विचार केला. "हो... चार दिवस होती. माझीच चूक."

उन्हाने टेप वाकते, वितळते. अशी पुसली जात नाही. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी मान हलवली. वर त्यांनीच माझी समजूत घातली — "तुम्ही प्रयत्न केलात." दुसऱ्या कॅसेटचा पेन ड्राइव्ह खिशात ठेवत म्हणाले, "गाव गेलं, रेकॉर्ड राहिली. सगळीकडे हेच झालंय."

त्या जुलैत मी घरी गेलो. चिखलात उभी असलेली आई मोबाइलवर रेकॉर्ड केली. अकरा मिनिटं. पुढच्या शिमग्याआधी ती गेली.

हान साहेबांचं काम संपलं तेव्हा ते निरोप घ्यायला दुकानात आले. मी आईचं सांगितलं. त्यांनी ऐकायला मागितलं, डोळे मिटून अकराही मिनिटं ऐकलं. मालवणी त्यांना काय कळणार? पण शेवटी माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "बरं झालं. एक आई तरी राहिली."

तेव्हा तरी सांगायचं होतं. समोर बसले होते, वेळ होता, दुकानात कुणी नव्हतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

आणखी एक आहे. नक्कल लावण्याआधी मी हेडफोन लावून त्यांची कॅसेट थोडी तपासली होती. मिनिटभर असेल. दबका, जाडसर आवाज. दुसऱ्या ओळीला बाई चुकल्या, स्वतःशीच हसल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या. टेप कोरी होती म्हटल्यावर हे मला त्यांना सांगता येईना.

त्यांची आई शेवटची मी ऐकली. हसली होती, एवढंसुद्धा मी त्यांना दिलं नाही.