राक्षसाची नोकरी आणि माझा हात

आमच्या चित्रपट मंडळात एक नियम आहे : मूळ पुस्तक वाचल्याशिवाय त्याच्या चित्रपटावर तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम असा की, पहिल्या नियमावर प्रश्न विचारायचा नाही. दोन्ही नियम सोहोनीकाकांचे. मंडळही त्यांचंच म्हणायला हरकत नाही.

तर या नियमावर मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कशी आपटले, ते ऐका. चहा घ्या तोवर.

मंडळ भरतं कसबा पेठेत, तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी दहाला. सभासद चाळीस. त्यातले छत्तीस निवृत्त. उरलेल्या चौघांनी खुर्च्या मांडायच्या, चहा द्यायचा आणि 'तुमच्या पिढीला वाचनाची सवय नाही' हे ऐकून घ्यायचं. हे मी चार वर्षं केलं. वाघोलीहून दोन बस बदलून केलं.

मग तो चित्रपट आला. एका मोठ्या दिग्दर्शकाने जुनी, गाजलेली राक्षसकथा नव्याने काढली होती. कथा तुम्हाला ठाऊक असेल : एक डॉक्टर मेलेल्यांचे अवयव जोडून माणूस बनवतो, तो जिवंत होतो आणि डॉक्टरच घाबरून पळतो. त्यावरच्या चर्चेत सोहोनीकाकांनी मला पहिल्यांदाच दहा मिनिटं दिली.

"बरं बोललीस तर कार्यकारिणीत घेऊ," ते म्हणाले. "पुस्तक वाचलंस ना?"

"वाचते आजच."

कार्यकारिणी म्हणजे कोणता चित्रपट दाखवायचा हे ठरवणारे लोक. मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

मंडळाच्याच कपाटात ते पुस्तक सापडलं. मराठीत, बारीकसं, मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गळालेलं. दोन तासांत संपलं. शेवटी राक्षस डॉक्टरच्या आईच्या पाया पडतो. ती विचारते, "जेवलास का?" मग तो गावातल्या शाळेत घंटा वाजवायच्या नोकरीला लागतो.

युरोपातल्या बर्फाळ डोंगरातली आई हे कसं विचारते, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी एम. ए. आहे, हे इथेच सांगून टाकते.

चित्रपटात मात्र राक्षस शेवटी बर्फात एकटाच चालत जातो. संपलं. ना आई, ना घंटा.

रविवारी मी त्या दिग्दर्शकाला सोलून काढलं. म्हटलं, याने कथेचा आत्माच कापून टाकला. समाजाने हाकललेल्याला शेवटी शाळेने जागा दिली, हा लेखकाचा संदेश. याने तो बर्फात पुरला. दहाची वीस मिनिटं झाली. कुणी थांबवलं नाही. उलट मागून "वा, वा" आलं.

सोहोनीकाका उठले. "मी तो घंटेचा प्रसंग पहिल्यांदा वाचला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आजच्या दिग्दर्शकांना मूळ कृतीचा आदरच नाही."

"निषेधाचं पत्र पाठवू या," चिटणीस निमकरकाकू म्हणाल्या. त्यांना पत्रं पाठवायला आवडतं.

पत्र मीच लिहिलं, तिथल्या तिथे. 'मूळ लेखकाच्या आशयाची विटंबना' हे शब्द माझे. मोठ्याने वाचून दाखवलं. सह्या सुरू झाल्या. कागद फिरत फिरत शेवटच्या रांगेत शेखसरांकडे गेला. शेखसर शाळेतून निवृत्त झालेले, वर्षभरात दोन वाक्यं बोलणारे. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि उभे राहिले.

"एक छोटी दुरुस्ती होती."

"पत्रात?" काकूंनी विचारलं.

"नाही. शेवटात. ती घंटा मी लावली."

कुणाला काहीच कळेना.

"आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी मी हे सोपं करून लिहिलं होतं," सर शांतपणे म्हणाले. "तेही एका हिंदी संक्षिप्त पुस्तकावरून. मूळ पुस्तक मीसुद्धा पाहिलेलं नाही. त्या हिंदीत तो बर्फातच जातो. मुख्याध्यापक म्हणाले, मुलं रडतील, त्याची काहीतरी सोय लावा. तेव्हा आमच्याकडे शिपायाची जागा रिकामी होती."

म्हणजे दिग्दर्शक बरोबर होता, आणि आम्ही शेखसरांच्या वतीने त्याचा निषेध करत होतो.

सोहोनीकाका माझ्याकडे वळले.

"केतकी, नियम तुला माहीत होता. मूळ न वाचता बोललीस. सभेची माफी माग. आणि निमकरबाई, नोंद करा, ही वर्षभर बोलणार नाही."

"काका, डोळे तुमचे भरून आले होते."

"मी एकूण परिणामाबद्दल बोलत होतो."

"आणि हे सह्या करणारे?"

"ते तुझ्यावर विश्वास ठेवून."

कार्यकारिणी गेली, हे मला कळलं होतं. गेलीच आहे तर, म्हटलं, नीट जाऊ दे. मी माईकपाशी जाऊन उभी राहिले.

"मी माफी मागणार नाही. खुर्च्याही मांडणार नाही. माझी चूक झाली, ती माझी. पण नियम सगळ्यांना असेल तर सगळ्यांना. इथे ज्यांनी मूळ पुस्तक वाचलंय, त्यांनी हात वर करा. त्यांची एकेकाची माफी मागते."

काकू वहीत काहीतरी शोधू लागल्या. कुणी चष्मा पुसायला काढला. शेखसर खिडकीबाहेर बघत राहिले. खाली दुकानात तांब्यावर हातोडी पडत होती, ती एवढी स्पष्ट मी चार वर्षांत कधी ऐकली नव्हती.

मला फार बरं वाटत होतं. मी सगळ्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली. आता सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी होती, माझ्या डोक्याच्या जरा वर. म्हणून मीही वर पाहिलं.

अख्ख्या हॉलमध्ये एकच हात वर होता. 'हात वर करा' म्हणताना उचललेला, खाली घ्यायचा राहून गेलेला.