पुलाखालचा पालक

मोठीमाय, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी, नुसतं बघून कधी भाजी घेत नसे. बाजारात गेली की जुडीतलं एक पान तोडायची, पदराच्या टोकाने पुसायची आणि पदरावरचा काळा डाग विकणाऱ्याच्या नाकासमोर धरायची. "हे मेथी हाये का सायलेन्सर?" साखरखेर्ड्याच्या बाजारात ती दिसली की भाजीवाल्या जुड्यांवर पोतं ओढत.

तिचं स्वतःचं शेतही रस्त्याला लागूनच. रस्ता रुंद झाला, ट्रक वाढले, तसं तिने रस्त्याकडच्या वाफ्यांत भाजी लावणं बंद केलं. तिथलं गवतसुद्धा बैलांना घालू दिलं नाही. चांगली जमीन पडीक ठेवते म्हणून गावाने तिला वेड्यात काढलं. गावाबद्दल तिचंही तेच मत होतं.

माझ्या मुलीला बघायला ती शहरात आली, तेव्हा मुलीला नुकतंच वरचं अन्न सुरू केलं होतं. आमच्या सोसायटीतल्या हौशी मंडळींनी गेटाबाहेर, उड्डाणपुलाखालच्या पट्ट्यात पालक लावला होता. वर 'विषमुक्त भाजी' असा बोर्ड. शेजारी सिग्नलला बस धूर सोडत उभ्या, आणि आम्ही शहाणे दर रविवारी त्या पालकाचे फोटो काढत होतो. मुलीला सूपही त्याचंच.

मोठीमायने सूपची वाटी मोरीत ओतली. मी भडकलो. आम्ही तीन पाण्यांनी धुतो, इथे सगळे शिकलेले लोक आहेत, असं बरंच काही ऐकवलं.

"बापू, पान धुता येते," ती म्हणाली. "माती काय धुशीन?"

दुसऱ्याच दिवशी ती परत गेली. थांब म्हणण्याचीही अक्कल मला नव्हती. उलट सूप चालूच ठेवलं, हट्टाने.

महिन्याभराने ट्रॅव्हल्समधून एक पोतं आलं. तिच्या शेताच्या आतल्या बाजूची माती, सोबत पालकाचं बी, आणि पोरीपुरत्या कुंड्या गॅलरीत लाव असा निरोप. गॅलरीत आम्ही नुकत्याच वेताच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पोतं पार्किंगमध्ये पडून राहिलं. शेवटी सोसायटीच्या माळ्याने मागितलं, तेव्हा मी खुशाल देऊन टाकलं. त्याने माती आणि बी, दोन्ही पुलाखालच्या पट्ट्यात टाकलं.

पुढे ती आजारी पडल्याचं कळलं म्हणून फोन केला. आवाज पार खोल गेला होता. दुखण्याचं ती काही बोललीच नाही.

"त्या मातीत उगवला का पालक?"

"उगवला."

"पोरगी खाते?"

"खाते," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

"मंग झालं," ती म्हणाली. तिचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.